एक जंतू, अनेक वाण : डॉ. कार्लोस शागास यांची जीवनकथा

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे आहे. दरवर्षी दिवाळीपूर्वी आई आणि आजी भिंतींच्या भेगा माती-शेणाने बुजवतात. भेगा राहिल्या की त्यांत विंचूकाटा आणि ढेकूण घर करतात, एवढेच मला त्यामागचे कारण ठाऊक होते. गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात वैज्ञानिकांच्या चरित्रांचे एक पुस्तक चाळताना अशाच भेगांतून एक रोग शोधून काढणाऱ्या डॉक्टरांची माहिती वाचनात आली आणि मी त्या पानावरच थांबले. ते डॉक्टर म्हणजे ब्राझील देशाचे कार्लोस शागास. इंग्रजी स्पेलिंगवरून आपल्याकडे त्यांना चागास असेही म्हणतात.

थांबण्याचे दुसरेही एक कारण होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यातील दोन्ही बैलांना एकाच आठवड्यात सर्रा रोग झाला. ढवळ्या गेला, पवळ्या उठला. गोठा एक, चारा एक, औषध एक. मग एक का गेला आणि एक का वाचला? आजीने नशिबाकडे बोट दाखवले. गुरांचे डॉक्टर सांगून गेले की हा रोग ट्रिपानोसोमा नावाच्या जंतूमुळे होतो. शागास यांनी शोधलेला जंतू याच कुळातला निघाला, आणि आमच्या गोठ्यातला प्रश्न त्यांच्याही आयुष्याला शेवटपर्यंत चिकटून राहिला, हे मला पुढे वाचताना कळले.

कार्लोस शागास यांचा जन्म ९ जुलै १८७९ रोजी मिनास जेराइस प्रांतात ओलिव्हेइरा गावाजवळच्या एका कॉफीच्या मळ्यावर झाला. ते गरीब घरचे नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. मात्र चार वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि मळा व मुले दोन्ही सांभाळण्याचा भार तरुण आईवर पडला. आईने कार्लोसला इटू येथे जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत ठेवले. १८८८ च्या मे महिन्यात ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मुक्त झालेले गुलाम मळ्यांवर चालून जात आहेत अशी अफवा शाळेत पोचली, तेव्हा हा आठ वर्षांचा मुलगा आईच्या काळजीने शाळेतून पळाला. शाळेने त्याला काढून टाकले.

मुलाने खाणींचा अभियंता व्हावे ही आईची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. डॉक्टर असलेल्या मामांच्या आग्रहामुळे आईने अखेर वैद्यकीला संमती दिली आणि १८९७ मध्ये कार्लोस रिओ दी जानेरोच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तेथे शिकत असताना ओस्वाल्डो क्रूझ यांच्याशी त्यांची गाठ पडली. रिओ शहरातून पीतज्वर हटवणारे हेच ते क्रूझ. त्यांच्या मांगिन्योस येथील संस्थेत शागास यांनी हिवतापाच्या रक्तावर प्रबंध लिहिला आणि १९०३ मध्ये ते डॉक्टर झाले.

१९०५ मध्ये सांतोस बंदराच्या गोदी कंपनीचे काम इटाटिंगा येथे चालू होते. मजूर हिवतापाने आडवे होत होते आणि काम बंद पडण्याची वेळ आली होती. शागास यांना तेथे पाठवण्यात आले. डबकी आणि दलदली बुजवणे हा त्या काळचा सर्वमान्य उपाय. शागास यांनी मात्र वेगळा विचार केला. रक्त पिऊन जड झालेला डास घराच्या भिंतीवर विसावतो. म्हणजे रोगाची देवाणघेवाण मुख्यतः घरातच होते. तेव्हा घरे बंद करून त्यांनी आत धुरी दिली आणि साथ आटोक्यात आली. रोग शोधायचा तर माणूस झोपतो ती जागा आधी पाहायची, ही दृष्टी त्यांना इटाटिंगात मिळाली. पुढे लासान्सला तीच उपयोगी पडली.

लासान्स हे मिनास जेराइसच्या उत्तर भागातील एक लहानसे स्टेशन. १९०७ मध्ये तेथे रेल्वेमार्गाचे काम चालू होते आणि मजुरांना हिवतापाने ग्रासले होते. शागास आणि त्यांचे सहकारी बेलिझारिओ पेन्ना तेथे गेले. रेल्वेचा एक डबा हेच शागास यांचे घर, तोच दवाखाना आणि तीच प्रयोगशाळा. हिवतापावर काम करता करता त्यांना काही रोगी असे दिसू लागले की ज्यांचा आजार हिवतापात बसत नव्हता. नाडी अडखळत चालते, हृदय वाढलेले आहे, चांगला धडधाकट मजूर काम करता करता कोसळून मरतो, आणि कारण कोणालाच सांगता येत नाही.

एके दिवशी रेल्वेच्या एका अभियंत्याने त्यांना एक किडा दाखवला. आपल्या ढेकणाच्याच गणातला, पण आकाराने कितीतरी मोठा. दिवसा तो कुडाच्या भिंतींच्या भेगांत आणि गवताच्या छपरात लपून राही. दिवा मालवला की बाहेर पडून झोपलेल्या माणसाचे, बहुधा तोंडावरचे, रक्त पिई. तोंडाशी गाठ म्हणून लोकांनी त्याला बार्बेइरो, म्हणजे न्हावी, असे नाव दिले होते. शागास यांनी किडे पकडून त्यांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तो शेपटीच्या जोरावर वळवळणारे जंतू दिसले. लासान्सला निरोगी माकडे मिळणे कठीण होते, म्हणून किडे मांगिन्योसला क्रूझ यांच्याकडे गेले. क्रूझ यांनी ते मार्मोसेट जातीच्या लहान माकडांवर सोडले. काही आठवड्यांनी माकड आजारी पडले आणि त्याच्या रक्तात जंतू सापडले. जंतू नवीन होता. शागास यांनी आपल्या गुरूच्या नावावरून त्याला ट्रिपानोसोमा क्रूझी हे नाव दिले.

आता माणसात हा जंतू शोधायचा होता. लासान्सच्या एका घरात आधी तो मांजराच्या रक्तात मिळाला. त्यानंतर १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात शागास यांना तेच जंतू दिसले. सहसा रोगी आधी दिसतो, मग जंतू सापडतो आणि पुष्कळ वर्षांनी तो पसरवणारा कीटक कळतो. येथे सारा क्रमच उलटा झाला होता. शिवाय जंतू, कीटक, प्राणी आणि रोगी या साऱ्यांचा छडा एकाच माणसाने लावला होता. त्याच महिन्याच्या २२ तारखेला क्रूझ यांनी रिओच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीत हा शोध वाचून दाखवला. शागास यांना तेव्हा तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

कीर्ती लगेच आली. १९१० मध्ये अकादमीचे सभासदत्व आणि १९१२ मध्ये जर्मनीचे शाउडिन पारितोषिक मिळाले. १९१२-१३ मध्ये त्यांनी अमेझॉनच्या खोऱ्यात प्रवास करून तेथील रबर गोळा करणाऱ्या मजुरांचे हाल नोंदवून आणले. १९१७ मध्ये क्रूझ वारले आणि मांगिन्योस संस्थेची धुरा शागास यांच्याकडे आली. पुढल्याच वर्षी इन्फ्लुएन्झाच्या महासाथीने रिओ शहर हादरले, तेव्हा रुग्णसेवेची व्यवस्था त्यांनीच उभी केली. १९२० ते १९२६ या काळात ते देशाच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे संचालक होते. त्याच काळात, १९२३ मध्ये, रिओला परिचारिकांचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव १९१३ आणि १९२१ असे दोनदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. १९२१ साली तर वैद्यकाचे नोबेल कोणालाच दिले गेले नाही.

परंतु चरित्र लिहायचे म्हणजे केवळ गौरव लिहायचा असे नव्हे. शागास यांच्या हातून चुकाही झाल्या. रोग किड्याच्या दंशातून अंगात जातो असे त्यांनी मानले होते. प्रत्यक्षात किडा रक्त पिताना तेथेच विष्ठा टाकतो. खाजवताना ती जखमेत किंवा डोळ्यात जाते आणि तिच्यातून जंतू शिरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रुंप्त यांनी १९१२ मध्ये ते दाखवून दिले. दुसरी चूक अधिक महागात पडली. मिनास जेराइसमध्ये पुष्कळ लोकांच्या गळ्याला गलगंड असे. शागास यांना वाटले, हादेखील याच जंतूचा प्रताप. वस्तुतः गलगंड आयोडीनच्या अभावामुळे होतो आणि त्या भागात तेच कारण होते. पण शागास यांनी गलगंड हे आपल्या रोगाचे एक मुख्य लक्षण ठरवून टाकले.

मग अडचण उभी राहिली. १९१५ च्या सुमारास रुडॉल्फ क्राउस आणि त्यांचे सहकारी अर्जेंटिनात हा रोग शोधू लागले. किडे सापडले, किड्यांत जंतूही सापडले. पण शागास यांनी वर्णन केले होते तसे रोगी काही सापडेनात. गलगंड आहे तर जंतू नाही, जंतू आहे तर गलगंड नाही. क्राउस यांनी शंका उपस्थित केली आणि ती ब्राझीलमध्येही पोचली. १९२२ मध्ये अकादमीतच आफ्रानिओ पेइशोतो आणि इतर काही सभासद शागास यांच्यावर तुटून पडले. रोग खरोखर असलाच तर लासान्सच्या चार-दोन रोग्यांपुरता असेल, त्याचा बोभाटा करून देशाची नाचक्की कशाला करता, असा त्यांचा रोख होता. जंतूच्या शोधाचे श्रेय शागास यांचे नव्हेच, इथपर्यंत मजल गेली. १९२३ मध्ये चौकशी समितीने अहवाल दिला. शोध शागास यांचाच हे समितीने मान्य केले, परंतु रोगाचा पसारा किती आणि त्याचा गलगंडाशी संबंध काय, यावर तिने निर्णय दिला नाही. शागास निर्दोष ठरले, तरी त्यांच्या रोगावर पडलेली शंकेची छाया हटली नाही. पुढची कित्येक वर्षे खेड्यांतील रोग्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही. मला या चरित्रातील सर्वांत दुःखाचा भाग हाच वाटतो. विद्वानांचा वाद राजधानीत झाला, आणि त्याची किंमत कुडाच्या घरात झोपणाऱ्यांनी मोजली.

८ नोव्हेंबर १९३४ रोजी रिओ येथे हृदयविकाराने शागास यांचे निधन झाले. ते ५५ वर्षांचे होते. त्यांचे दोन्ही पुत्र, एव्हांद्रो आणि कार्लोस, वैज्ञानिक झाले.

अर्जेंटिनात साल्व्हाडोर माझ्झा यांनी १९२६ नंतर खेडोपाडी फिरून शेकडो रोगी शोधून काढले होते. १९३५ मध्ये त्याच देशातील सेसिलिओ रोमान्या यांनी एका डोळ्याची पापणी सुजणे ही रोगाची सुरुवातीची खूण सांगितली, आणि गावच्या डॉक्टरलाही रोग ओळखता येऊ लागला. शागास यांचा रोग खरा होता, आणि तो अनेक देशांत पसरलेला होता. पण तो सगळीकडे सारखा नव्हता. मध्य ब्राझीलमध्ये काही रोग्यांचे हृदय वाढे. काहींची अन्ननलिका इतकी फुगे की घास गिळणे अशक्य होई, तर काहींचे मोठे आतडे फुगे. अमेझॉनच्या उत्तरेस व्हेनेझुएलात आणि मध्य अमेरिकेत मात्र हृदयाचे रोगी भेटत, पण अन्ननलिका-आतड्याचे रोगी क्वचितच दिसत. आणि जंतू शिरलेल्या माणसांपैकी निम्म्याहून अधिकांना तर जन्मभर काहीच होत नसे.

याचे एक उत्तर जंतूतच होते. आपण शेतकरी वाण हा शब्द रोज वापरतो. धान एकच, पण एक वाण हळवा, एक गरवा. एक वाऱ्याने लोळतो, एक ताठ राहतो. ट्रिपानोसोमा क्रूझी ही जात एकच, पण तिचेही असेच वाण आहेत. प्रयोगशाळेत वाय नावाच्या वाणाचे जंतू उंदरांच्या रक्तात झपाट्याने वाढतात आणि उंदीर थोड्याच दिवसांत मरतात. कोलंबियन नावाचा वाण सावकाश वाढतो, स्नायूंत ठाण मांडतो आणि नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही. ब्राझीलच्या सोनिया आंद्रादे यांनी १९७४ मध्ये या वागणुकीवरून वाणांचे तीन प्रकार पाडले. त्यानंतर इंग्लंडचे मायकेल माइल्स यांनी जंतूंच्या विकरांची तपासणी करून त्यांचे गट वेगळे केले, आणि मध्य ब्राझील व व्हेनेझुएला येथील रोगाचे भिन्न रूप जंतूंच्या भिन्न गटांमुळे असेल काय, असा प्रश्न १९८१ मध्ये मांडला. २००९ मध्ये या विषयाच्या अभ्यासकांनी या जातीचे सहा गट मान्य केले आणि त्यांना एक ते सहा असे क्रमांक दिले. वटवाघळांत सापडलेला सातवा गट नंतर त्यांत धरला जाऊ लागला. उत्तरेकडे मुख्यतः पहिला गट आढळतो. दक्षिणेकडे, जेथे अन्ननलिकेचे आणि आतड्याचे रोगी दिसतात तेथे, माणसांत दुसरा, पाचवा आणि सहावा हे गट अधिक आढळतात.

म्हणजे वाण कळला की रोगाची गती कळली, असे म्हणावे काय? येथे बेरेनिसची आठवण होते. १९०९ मध्ये रक्तात जंतू सापडलेली ती दोन वर्षांची मुलगी मेली नाही. १९६२ च्या सुमारास डॉक्टरांनी तिला शोधून काढले तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली बाई होती. जंतू तिच्या रक्तात अजून होते, पण रोगाची ठळक लक्षणे नव्हती. तेव्हा एकदा आणि पुन्हा १९७८ मध्ये तिच्या रक्तातून जंतू वेगळे काढून वाढवण्यात आले. एकाच बाईच्या अंगातील हे दोन वाण प्राण्यांमध्ये सारखे वागले नाहीत. १९७८ च्या वाणाने तर कुत्र्यांच्या हृदयात शागास रोगाचे बिघाड निर्माण केले. ज्या जंतूला घेऊन बेरेनिस सत्तरी पार करून गेली, तोच जंतू कुत्र्याचे हृदय नासवतो! वाण महत्त्वाचा खरा, पण तो कोणाच्या शरीरात पडतो हेही तितकेच महत्त्वाचे. शिवाय एकाच माणसात दोन-तीन वाण एकत्र असू शकतात, आणि भेगांच्या घरात राहणाऱ्याला किडा पुन्हा पुन्हा चावून नवे जंतू देत राहतो. म्हणूनच रोग्याच्या जंतूचा गट पाहून त्याचे पुढे काय होईल, हे आजही कोणा डॉक्टरला छातीठोकपणे सांगता येत नाही.

शरीराचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. सर्रा हा जनावरांचा रोग. माणसाच्या रक्तातील एक प्रथिन त्याच्या जंतूंना मारून टाकते, म्हणून गोठ्यात राबणाऱ्यांना तो होत नाही. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्र्याचे जंतू सापडले. तपासाअंती असे निघाले की त्याच्या रक्तात ते रक्षक प्रथिनच नव्हते. उपचाराने तो बरा झाला. जंतू नेहमीचाच होता, उणीव शरीरात होती. ढवळ्या आणि पवळ्या यांच्या बाबतीत काय घडले ते मला कधीच कळणार नाही. पण आता मी त्याला नुसते नशीब म्हणणार नाही.

शागास रोगाचा किडा आणि जंतू यांची जोडी आपल्या घरांत नाही, ही समाधानाची गोष्ट. लॅटिन अमेरिकेत मात्र आजही लाखो माणसे हा जंतू अंगात बाळगून आहेत. जगात त्यांची संख्या सत्तर लाखांच्या आसपास मानली जाते. बेन्झनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स ही औषधे आहेत. रोग नवा असताना ती उत्तम गुण देतात, जुनाट झाल्यावर कमी. औषधफवारणी आणि घरांची सुधारणा यांमुळे घरात राहणाऱ्या प्रमुख किड्याकडून होणारा प्रसार ब्राझीलने थांबवला, आणि २००६ मध्ये त्याला तसे प्रमाणपत्र मिळाले. २०२० पासून १४ एप्रिल हा जागतिक शागास रोग दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस शागास यांच्या जन्माचा किंवा मृत्यूचा नाही. तो बेरेनिसच्या रक्तात जंतू दिसला त्याचा दिवस आहे, हे मला फार आवडले.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. पुस्तकात छापले ते खरेच असणार, असे मी येथे आले तेव्हा मला वाटे. शागास यांच्या चरित्राने ती समजूत मोडली. एवढा मोठा माणूस गलगंडाच्या बाबतीत चुकला. त्याचे टीकाकार ती चूक दाखवताना बरोबर होते, पण तेवढ्यावरून रोगच नाकारायला निघाले तेव्हा तेही चुकले. जंतू एक म्हणून रोगाचे रूपही सगळीकडे एकच असले पाहिजे, असे दोन्ही पक्षांनी धरले होते. ते तसे नव्हते, हे कळायला अर्धे शतक जावे लागले. कोणत्याही गावाचे दुखणे दुसऱ्या गावच्या मापाने मोजण्यापूर्वी त्या घरात जाऊन भिंत पाहिली पाहिजे, एवढे मी यातून शिकले. या दिवाळीत भेगा बुजवायला आई-आजीबरोबर मीही बसले होते. आजीला मी बेरेनिसची गोष्ट सांगितली. ती हातातले शेण-माती तसेच धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.